पंधरावी पास आचलचा फ्लेक्स

मी एक जुना फ्लेक्स आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवतो की मला हळू बोलता येत नाही. माझा जन्मच मोठ्या अक्षरांत झाला. ज्याला लाल रंगात, पिवळी कड देऊन, जागोजागी दोन-दोन उद्गारचिन्हे लावून जगात आणले, त्याने कुजबुजायचे तरी कसे? कानांवर हात ठेवायचे असतील तर आत्ताच ठेवा. जे घडले ते नुसते आठवले तरी मी अजून फडफडायला लागतो.

गोरेगाव तालुक्यातले आमचे गाव. चहूकडे धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरे, मधून डांबरी रस्ता, रस्त्यावर एसटीचा थांबा आणि थांब्यासमोर चहाची टपरी. पण माझा जन्म तिथला नव्हे. मी जन्मलो गोंदियाच्या एका छपाईच्या दुकानात. मी आधी नुसता पांढरा, कोरा होतो. मग यंत्राचे डोके माझ्यावरून इकडून तिकडे धावू लागले आणि प्रत्येक फेरीला माझ्या अंगावर रंगाची एक ओळ उमटू लागली. शाईचा तो वास, ते गुदगुल्या झाल्यासारखे वाटणे! मी काय होणार, कोणाचा होणार, काही ठाऊक नव्हते. वाढदिवसाचा? निवडणुकीचा? 

तेवढ्यात दुकानदाराने विचारले, "भैया, मॅटर फायनल है ना? बाद में बदलेगा नहीं."

"फायनल मतलब एकदम फायनल!" समोरचा गृहस्थ छाती फुगवून म्हणाला. हेच ओमेशकाका. आचलच्या वडिलांचे धाकटे भाऊ. गावात कोणाच्या घरी ट्रॅक्टर येवो, कोणाला मुलगा होवो, हे फ्लेक्स लावल्याशिवाय राहत नाहीत. स्वभावाने दिलदार, फक्त वाचताना पहिल्या ओळीपुढे जात नाहीत.

माझ्यावर छापले होते ते असे: 'आमच्या गावची लेक कु. आचल (बी.एस्सी.) उच्च शिक्षणासाठी अमेरिकेला रवाना!! हार्दिक अभिनंदन!!' मधोमध आचलचा फोटो, कॉलेजच्या ओळखपत्रावरून मोठा केलेला, म्हणून जरा दचकल्यासारखा. एका बाजूला लग्नातल्या फेट्यासह तिचे वडील गोवर्धन, दुसऱ्या बाजूला आई नंदाबाई. आणि या सर्वांहून मोठे, काळा चष्मा घातलेले ओमेशकाका. खाली लिहिले होते, 'शुभेच्छुक: ओमेशभाऊ मित्र परिवार'. हा मित्र परिवार मी पुढे कधीही पाहिला नाही.

आता खरी गोष्ट सांगतो. आचल काही रवाना झालेली नव्हती. गोंदियाच्या कॉलेजातून तिने वनस्पतिशास्त्र घेऊन पदवी मिळवली. धानावर करपा का पडतो, तो कसा थांबवता येईल, याचाच तिला लहानपणापासून ध्यास. अमेरिकेच्या एका विद्यापीठात तिने पुढच्या शिक्षणासाठी अर्ज केला. तिथल्या विभागाचा मेल आला. त्याची पहिली ओळ होती, 'अभिनंदन, आम्ही तुमची शिफारस केली आहे.' खाली लिहिले होते की पदवीची तपासणी झाल्यावर अंतिम निर्णय कळवू. पण ती खालची ओळ वाचायला ओमेशकाका थांबतात कशाला? आचलच्या खांद्यावरून त्यांनी 'अभिनंदन' वाचले आणि मोटारसायकलला किक मारली. आमच्या भागात अभिनंदन आणि फ्लेक्स यांच्यामध्ये कोणी दम खात नाही. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात ते काही उगाच नाही.

दुसऱ्या दिवशी मी थांब्याजवळच्या दोन खांबांच्या मध्ये उभा! वाऱ्याने फाटू नये म्हणून काकांनी ब्लेडने मला ठिकठिकाणी चिरा दिल्या. नेमकी एक चीर त्यांच्याच चष्म्यावर गेली, त्यामुळे वारा सुटला की काका सगळ्या गावाला डोळा मारत. आणि काय सांगू तो रुबाब! एसटीचा चालक गाडी हळू करून मला वाचायचा. शाळेतली पोरे 'रवाना' शब्द मोठ्याने म्हणत पळायची. नंदाबाई बाजारातून परतल्या की पिशवी खाली ठेवून माझ्यावरची धूळ पदराने पुसायच्या.

आचल मात्र वैतागली. "काका, काऊन लावला एवढ्या लवकर? अजून पक्कं नाही झालं नं!"

"होते व पक्कं! कागद येतच राहते," काका म्हणाले.

आणि गोवर्धन? चारचौघांत त्यांनी माझ्याकडे मान वर करून कधी पाहिले नाही. पण शेतावर जाताना, रस्त्यावर कोणी नसले की त्यांची मोटारसायकल माझ्यासमोर आपोआप हळू व्हायची. मित्रांनो, इथे एक गोष्ट तुम्हाला कळायला हवी. गोवर्धन नववी पास. दहावीत गेले आणि त्याच साली त्यांचे वडील अंथरुणाला खिळले. शाळा तिथेच थांबली. पुढे कोणी विचारले की "किती शिकले?", तर ते एकच शब्द सांगत, "अर्धवट." हा शब्द त्यांच्या पायात काट्यासारखा रुतून होता. टपरीवर ते म्हणायचे, "मी अर्धवट राहिलो, पन पोरगी पुरी शिकली." 'पुरी' म्हणताना त्यांचा आवाज माझ्या अक्षरांएवढा मोठा व्हायचा.

आमच्याकडे शिक्षण मोजायची एक रीत आहे. बी.ए., बी.एस्सी. असे कोणी म्हणत बसत नाही. बारावीनंतरची वर्षेही इयत्तांसारखीच पुढे मोजायची. तेरावी, चौदावी आणि पदवी म्हणजे पंधरावी. सोयरे विचारायचे, "पोरगी कितवी झाली?" आणि गोवर्धन सांगायचे, "पंधरावी पास." विषय संपला. पंधरावीच्या पुढे आमच्या गावात कोणी मोजलेच नव्हते.

मग एके दिवशी आचल गोरेगावहून एसटीने उतरली आणि थेट माझ्याखाली येऊन उभी राहिली. चेहरा उतरलेला. टपरीवर तिचे बाबा, काका आणि म्हातारे बकाराम बसले होते. बकाराम आबाजी म्हणजे गावातले सर्वांत जुने मॅट्रिक.

"बाबा, नाई म्हटलं त्याईनं," ती म्हणाली.

"कायले नाई म्हटलं?"

"तिथं बारा साल शाळा अन् चार साल कॉलेज. सोळा होतेत. आपली डिगरी तीन सालची. पंधराच भरतेत म्हनतेत. एक साल कमी पडते."

गोवर्धनांनी हातातला कप खाली ठेवला. "म्हंजे पंधरावी पास पोरगी त्याइच्या हिशेबानं..."

"अर्धवट," असे कोणी म्हटले नाही. पण तो शब्द तिथे सगळ्यांनी ऐकला, अगदी मीही.

गावात गोष्ट पसरायला वेळ लागत नाही. संध्याकाळपर्यंत 'पोरगी कमी पडली म्हनतेत' हे वाक्य माझ्याखालून चार वेळा गेले. कोणाला कळतच नव्हते की कमी पोरगी पडली नव्हती. आणि मी? मी वर तसाच लाल-पिवळा, 'रवाना!!' म्हणून ओरडत उभा. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटले, आपली अक्षरे जरा लहान असती तर बरे झाले असते.

दुसऱ्या सकाळी गोवर्धन शिडी घेऊन आले. ओमेशकाका मागे धावत आले. "राहू दे नं भाऊ, कोन वाचते?"

"सारा गाव वाचते," गोवर्धन म्हणाले. त्यांनी दोऱ्या कापल्या नाहीत. एकेक गाठ सोडवली, माझी नीट घडी केली आणि मला मोटारसायकलच्या कॅरियरवर बांधून घरी नेले. रागाने फाडले असते तर मला कमी वाईट वाटले असते.

मित्रांनो, फ्लेक्सचे दुसरे आयुष्य फार थोड्यांना माहीत असते. सत्कार संपला की आम्ही कुठे जातो? कोणी गोठ्याचे छप्पर होतो, कोणी तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगावरचे पांघरूण. उन्हाळी धान निघायला अजून वेळ होता, म्हणून गोवर्धनांनी मला अंगणात कडुलिंबाखाली पसरले. पण उलटे. छापलेली बाजू मातीला आणि कोरी पांढरी पाठ आभाळाकडे. माझे तोंड त्यांना दिसायला नको होते.

आचलने दुसरे विद्यापीठ शोधणेच सोडून दिले. मोबाइल उशीखाली. सुटीत गावातली पोरे तिच्याकडे शिकायला येत, त्यांना मात्र ती नाही म्हणू शकली नाही. पोरे येऊन माझ्याच पाठीवर बसली. त्यांच्यात टिंकू नावाची एक चुणचुणीत पोरगी होती, जिच्या तोंडात काही म्हणून राहत नाही.

"ताई, तू कमी पडली म्हंजे का झालं?"

नंदाबाई चुलीजवळून ओरडल्या, "गप व, टिंकू!" पण आचल हसली. किती दिवसांनी हसली! तिने चुलीतला विझलेला कोळसा आणला आणि थेट माझ्या पाठीवर एक लांब रेघ ओढली.

"हे पाह्य. ही आपली शाळा. दहावी, मंग बारावी, मंग तीन साल कॉलेज. पंधरा." शेजारी दुसरी रेघ ओढली. "हे अमेरिका. बारा अन् चार. सोळा."

"अन् बाकीचे देश?" एका पोराने विचारले.

बस्स! तिथून जे सुरू झाले ते थांबेचना. आचलने मोबाइल उशीखालून काढला. ती शोधायची, वाचायची आणि माझ्या पाठीवर रेघा ओढायची. फिनलंडची पोरे सातव्या वर्षी पहिलीत जातात! इंग्लंडची पाचव्या वर्षी पहिलीत, आणि तिथे शाळेतच तेरावी असते! जर्मनीत कुठे बारावीपर्यंत शाळा, तर कुठे तेरावीपर्यंत. एकाच देशात! स्कॉटलंड इंग्लंडला लागून, पण इंग्लंडात पदवी तीन वर्षांची आणि स्कॉटलंडात चार!

"मंग तिथलं पोट्टं सीमा ओलांडून गेलं तर?" टिंकू म्हणाली आणि सगळे खिदळले.

"डॉक्टर व्हायले?" दुसऱ्याने विचारले.

"आपल्याकडे बारावी झाली की थेट एम.बी.बी.एस. अमेरिकेत आधी चार सालची दुसरी डिगरी घ्या, मंग डॉक्टरकी शिका. अन् शिकून निघाला की त्याले म्हनतेत एम.डी. आपल्याकडे एम.डी. म्हंजे डॉक्टरच्या वरचा डॉक्टर."

गप्पांना आलेले आणि इतका वेळ बाजेवर डोळे मिटून पडलेले बकाराम आबाजी उठून बसले. "मी अकरावी मॅट्रिक आहो. माह्या वक्ती मॅट्रिक अकरावीत होता. मंग सरकारनं दहावीत आनला."

"मंग आबाजी, तुम्ही ताईच्या बाबापेक्षा एक साल जास्त शिकले का दोन?" टिंकूने विचारले. आबाजींनी बोटे मोजली, पुन्हा मोजली आणि म्हणाले, "हे सरकारलेच विचार."

मला तर उकळ्या फुटत होत्या! माझ्या पोटावर एकच देश छापला होता आणि पाठीवर आता सहा देश उभे होते. इतकी वर्षे, इतक्या पदव्या, आणि एकाचे दुसऱ्याशी जुळेल तर शपथ!

गोवर्धन गोठ्याच्या दारात उभे राहून सारे ऐकत होते. ते हळूच म्हणाले, "पन तरी एक साल कमीच नं."

आचल वळली. "बाबा, धान मोजायची खंडी सगळीकडे सारखीच असते का?"

"नाई. आपली येगळी, तिकडे बालाघाटकडची येगळी."

"तिथल्या मापानं मोजला तर तुमचा धान कमी झाला का?"

गोवर्धनांनी नकारार्थी मान हलवली. धान मोजण्यातच त्यांचा जन्म गेला होता.

आचल पुन्हा इंग्लंडच्या रेघेकडे वळली. पोरांना दाखवायला म्हणून ती एक पान वाचत होती. आणि अचानक माझ्या पाठीवरचा कोळसा थांबला. मला तो थांबलेला कळला. भारतातली तीन वर्षांची पदवी तिथे चालत होती. चांगले गुण असले तर तिथल्या पदवीच्या बरोबरीची धरत होते. धानाच्या रोगांचा अभ्यास होता, शिष्यवृत्ती होती, आणि अर्जाची मुदत अजून संपलेली नव्हती.

"अन् तिथली एम.एस्सी. एकच सालची आहे," ती पुटपुटली.

ओमेशकाका ताडकन उठले. "एका सालात एम.एस्सी.? अन् आपल्याकडे दोन? मी आत्ता गोंदियाले..."

"काका!" सगळे अंगण एकदम ओरडले. काका खाली बसले.

गोवर्धन म्हणाले, "पुन्हा नाई म्हनतीन. गाव हासेल."

"हासू द्या. यावेळी आपन फ्लेक्स नाही लावू," आचल म्हणाली. मी जरा हिरमुसलो, खोटे कशाला बोलू? पण बरोबर तिचेच होते. तिने त्याच दिवशी अर्ज भरायला घेतला.

मग धान निघाले. कापणी, मळणी, आणि ओले धान वाळवायला माझ्या पाठीवर पसरले. कोळशाच्या रेघा दाण्यांखाली गेल्या. मी ओझ्याने दबलो, पण मजा बघा, प्रत्येक पाय माझ्यावर पडला की मला कळायचे कोण आहे. नंदाबाईंचा जपून, काकांचा धावत, गोवर्धनांचा जड. आचल पायाने धान फिरवायची आणि चार पावले टाकली की थांबायची. मेल पाहत असणार.

त्या दुपारी ती थांबली आणि पुढचे पाऊल पडलेच नाही. मी जीव मुठीत धरून पडून होतो.

"आला," ती म्हणाली.

ओमेशकाका पुढे झुकले, पण या वेळी स्वतःच म्हणाले, "पूर्न वाच. खालचं पन वाच."

तिने पूर्ण वाचले. प्रवेश मिळाला होता. शिष्यवृत्तीसकट. आणि पदवीबद्दल लिहिले होते की ती तपासली, इथल्या ऑनर्स पदवीच्या बरोबरीची आहे, काही कमी नाही.

नंदाबाईंनी तोंडावर पदर धरला. काकांनी ओंजळभर धान उचलून आभाळात उडवले आणि ते सगळ्यांच्या डोक्यावर पडले. पण गोवर्धन जागचे हलले नाहीत. हातात धान ओढायचे फावडे, डोळे मुलीवर.

"म्हंजे पुरी नं?" त्यांनी विचारले.

"का बाबा?"

"डिगरी. पुरी आहे नं?"

"हो बाबा. पुरी आहे. पह्यलेही पुरीच होती."

तो एवढा दांडगा माणूस त्या गरम धानात मटकन बसला आणि लेकरासारखा रडला. मित्रांनो, ते पाणी दाण्यांतून झिरपत माझ्यापर्यंत आले. त्या क्षणी जगातल्या कुठल्याही फ्लेक्सशी मी जागा बदलली नसती.

आचल इंग्लंडला गेली. काकांनी तिचा शब्द पाळला, फ्लेक्स लावला नाही. त्याऐवजी गोंदियाच्या स्टेशनवर एवढ्या मोठ्याने ओरडून तिला निरोप दिला की म्हणे दोन गाड्यांचे प्रवासी वळून पाहू लागले. आता मी तणसाच्या ढिगावर असतो. उन्हाने माझा लाल रंग गुलाबी झाला आहे आणि 'अमेरिका' शब्द शोधावा लागतो. सुटीच्या दिवशी आचलचा व्हिडिओ कॉल येतो, तेव्हा घरचे अंगणात ऊन खात बसलेले असतात, त्यामुळे मलाही सारे ऐकू येते.

परवा ती सांगत होती, "बाबा, माह्या बाकावर एक स्कॉटलंडची आहे, चार सालची डिगरीवाली. एक नेपाळचा, चारचीच. अन् मी तीनवाली. पेपर सगळ्याइले एकच."

"मंग पहिला कोन येते?"

"पाहू नं, अजून साल जायचं आहे," ती हसून म्हणाली.

मग गोवर्धनांनी घसा खाकरून असे काही विचारले की मी तणसावर ताठ झालो.

"आचल, नववी पास मानसाले दहावीले बसता येते का व?"

पलीकडून ती इतक्या मोठ्याने ओरडली की माझ्यासारख्या मोठ्या अक्षरांतल्यालाही हेवा वाटावा. "येते बाबा! सतरा नंबरचा फॉर्म भरा! बाहेरून बसता येते!"

आणि गोवर्धनांनी तो भरला! आता सकाळची कामे उरकली की ते बाजेवर गणिताचे पुस्तक उघडून बसतात. चष्मा नाकावर, शेजारी मास्तरीण टिंकू. ती त्यांच्याहून दोन इयत्ता खाली आहे, पण चूक झाली की अजिबात दयामाया दाखवत नाही. ओमेशकाका फाटकाजवळून फेऱ्या मारतात. त्यांच्या डोक्यात मॅटर तयार आहे हे मला त्यांच्या चालीवरून कळते. गोवर्धन पुस्तकातून मान वर न काढता म्हणतात, "निकाल लागू दे."

मित्रांनो, माझी तुम्हाला एवढीच विनंती. जुना फ्लेक्स दिसला तर जाळू नका, धूर फार वाईट. त्यावर धान वाळवा, लेकरे बसवा. कोणाचे शिक्षण कमी भरले असे ऐकले तर आधी विचारा, माप कोणाचे होते. आणि कधी आमच्या गावावरून गेलात, अंगणात बाजेवर चष्मा लावून पुस्तक वाचणारा एक माणूस दिसला, तर त्याला 'किती शिकले?' असे विचारू नका. 'सध्या कितवीत?' असे विचारा. ते पुस्तकातून मान वर काढतील आणि तुम्हाला मोठ्या अक्षरांत सांगतील, "दहावीत!!"